आधी कोणाकडे धावायचे?

९ ऑक्टोबर २०१८ च्या सकाळी भिलाई पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात गॅसवाहिनीचे काम सुरू असताना आगीचा भडका उडाला. नऊ जण त्याच दिवशी दगावले. पुढच्या दिवसांत भाजलेल्यांपैकी आणखी काहींचा मृत्यू झाला. जखमींना सेक्टर ९ मधल्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात नेण्यात आले. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या या गावात भाजणे आणि गॅस लागणे हे धोके कामगारांच्या घरोघरी ठाऊक आहेत, आणि ‘सेक्टर नाइन’चा भाजलेल्यांचा विभागही.

अशा वेळी एकामागून एक स्ट्रेचर आत येतात. कोणी किंचाळत असतो, कोणी गप्प पडलेला असतो, कोणाचे नातेवाईक सिस्टरचा हात धरून ओढत असतात. सिस्टरला हात दोनच. आधी कोणाकडे धावायचे, हे तिला काही क्षणांत ठरवावे लागते. ते आवाजावरून, ओळखीवरून किंवा दयेवरून ठरवले, तर चुकीचा माणूस मागे राहतो. म्हणून नर्सिंगच्या पहिल्याच वर्षात विद्यार्थ्यांना गरजांची उतरंड शिकवतात.

ही उतरंड अब्राहम मास्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची. माणसाला कृती करायला काय भाग पाडते, याविषयी १९४३ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी गरजांचे पाच थर सांगितले. सर्वांत खाली शरीराच्या गरजा, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग मान, आणि सर्वांत वर स्वतःतले सामर्थ्य पूर्णत्वाला नेण्याची ओढ. मास्लोंच्या डोळ्यांसमोर रुग्णालय नव्हते. पण परिचारिकांना त्यात कामाची गोष्ट दिसली: खालची गरज अडली की वरच्या गरजांकडे वळायला रुग्णाकडे बळ उरत नाही, आणि खालच्या गरजेला वाट पाहायला वेळ नसतो. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी शुश्रूषेच्या चौदा मूलभूत बाबी मांडल्या, त्यातही पहिली बाब श्वासाची आहे.

आता ही उतरंड एका रुग्णावर लावून पाहू. रुग्ण कल्पित आहे, पण चित्र नेहमीचे आहे. साठ किलो वजनाचा कामगार. दोन्ही हात, छाती-पोट आणि चेहरा भाजलेला. आग बंदिस्त जागेत लागली होती.

पहिला थर शरीराचा, आणि त्यातही क्रम आहे. आधी श्वासमार्ग. नाकातले केस जळलेत का, तोंडात काजळी आहे का, आवाज घोगरा झालाय का, हे सिस्टर पाहते. भाजलेला घसा आतून सुजत जातो. आता बोलणाऱ्या माणसाचा श्वास काही तासांत कोंडू शकतो. म्हणून घोगरा आवाज ऐकताच डॉक्टरांना बोलावायचे, ड्रेसिंग नंतर. मग श्वास आणि प्राणवायू. मग रक्ताभिसरण.

भाजलेल्या शरीरातून पाणी झपाट्याने रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते. किती अंग भाजले हे मोजायला नऊचा नियम आहे. मोठ्या माणसाचा एक हात ९ टक्के, एक पाय १८, धडाची पुढची बाजू १८, मागची १८, डोके ९. आपल्या रुग्णाचे दोन हात १८, धडाची पुढची बाजू १८ आणि चेहरा सुमारे ४. म्हणजे अंदाजे ४० टक्के. झिरपलेले पाणी भरून काढायला किती सलाइन द्यायचे हे सांगणाऱ्या पार्कलंड सूत्रानुसार ४ मिलिलिटर गुणिले ६० किलो गुणिले ४०, म्हणजे पहिल्या २४ तासांत ९,६०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेटचे सलाइन. त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत, आणि हे तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे, वॉर्डात आल्यापासून नाही. हल्ली बरेच डॉक्टर याहून कमी प्रमाणाने सुरुवात करतात. सूत्र कोणतेही असो, सलाइन पुरते की नाही हे लघवीवरून कळते. या रुग्णाला तासाला निदान ३० मिलिलिटर व्हायला हवी. म्हणून कॅथेटरच्या पिशवीतला आकडा दर तासाला टिपणे हे कारकुनी काम नाही, मूत्रपिंडे वाचवण्याचे काम आहे.

याच थरात अंगाची ऊब येते, कारण कातडी गेली की उष्णताही निघून जाते. वेदना येते. सूज चढण्याआधी अंगठी, कडे, घड्याळ काढणे येते. मग अन्न आणि झोप. मोठ्या प्रमाणात भाजलेल्याला प्रथिने आणि उष्मांक नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त लागतात, त्यामुळे शक्य तितक्या लवकर नळीने का होईना, आहार सुरू करतात.

दुसरा थर सुरक्षिततेचा. कातडीची भिंत पडली की जंतूंना रस्ता मोकळा. दोन रुग्णांच्या मधे हात धुणे, भेटीला येणाऱ्यांवर मर्यादा, धनुर्वाताचे इंजेक्शन, पलंगाचे कठडे हे सगळे इथले. पुढे काय होणार हे रुग्णाला साध्या शब्दांत सांगणेही इथलेच. ‘दादा, आता पट्टी सोडणार आहे, दुखेल, औषध आधीच दिलंय’ एवढे म्हटल्यानेही भीती उतरते.

तिसऱ्या थरात बायको, आई, सोबतचे कामगार. चौथ्यात मान: ड्रेसिंगच्या वेळी पडदा ओढणे, नावाने हाक मारणे, पहिल्यांदा आरसा पाहताना जवळ थांबणे. पाचव्यात पुन्हा कामावर जाण्याची, बोटे वळवून पाना धरण्याची उमेद. फिजिओथेरपी मात्र सुरुवातीच्या दिवसांतच सुरू होते, कारण आखडलेला सांधा उमेदीसाठी थांबत नाही.

खरी कसोटी एकाच वेळी अनेक रुग्ण असताना लागते. सकाळच्या ड्युटीवर चार पलंग समोर आहेत असे धरा. पहिल्यावरचा वेदनेने ओरडतोय. दुसऱ्यावरचा, चेहरा भाजलेला, पहाटेपासून गप्प आहे आणि त्याचा आवाज बसलाय. तिसऱ्याला गेल्या तासात लघवी अवघी १५ मिलिलिटर झालीय. चौथा उद्या घरी जाणार, पण ‘हे तोंड घेऊन कसा जाऊ’ म्हणत जेवायला तयार नाही.

क्रम असा लागतो: दुसरा, तिसरा, पहिला, चौथा. दुसऱ्याचा श्वासमार्ग धोक्यात असू शकतो. बसलेला आवाज ही इथे सर्वांत मोठी आरोळी आहे. तिसऱ्याचे रक्ताभिसरण ढासळू लागलेय. पहिल्याची वेदना खरी आहे आणि त्याला ताटकळत ठेवणे योग्य नाही, म्हणून त्याचे औषध सहकारी सिस्टरला द्यायला सांगायचे. चौथ्याला ‘दहा मिनिटांत येते’ असे सांगून खरोखर यायचे. क्रम लावणे म्हणजे कोणाला वाऱ्यावर सोडणे नव्हे.

इथे एक सापळा आहे. रुग्ण अस्वस्थ आहे, मास्क ओढतोय, उठून बसतोय. घाबरलाय असे वाटते आणि आपण त्याला धीर देऊ लागतो, म्हणजे दुसऱ्या थरावर काम करू लागतो. पण प्राणवायू कमी पडला तरी माणूस असाच वागतो. म्हणून अस्वस्थतेचे कारण खालून वर शोधायचे: आधी श्वास, मग रक्तदाब, मग वेदना, मग तुंबलेली लघवी, आणि या सगळ्यानंतर भीती.

प्राणवायू कमी पडतोय हे यंत्रावरच्या आकड्यावरून कळेलच असेही नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्याच कारखान्यात झोतभट्टीच्या वायूची गळती होऊन सहा जणांचा बळी गेला. या वायूतला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक बोटाला लावलेले साधे ऑक्सिमीटर ओळखू शकत नाही. रुग्ण गुदमरत असताना ते ९८ टक्के दाखवू शकते. वायू लागल्याचा संशय असेल तर आकड्यावर न विसंबता मास्कने शंभर टक्के प्राणवायू लगेच सुरू करतात आणि रक्ताची खास तपासणी करून घेतात. आधी काय तपासायचे ते उतरंड सांगते. कसे तपासायचे ते ज्ञानच सांगते.

वरच्या वाटणाऱ्या गोष्टी कधी कधी तळाशी जातात, हेही लक्षात ठेवायला हवे. भाजलेली एखादी बाई हळूच म्हणते, ‘आता जगून काय करू?’ हे आत्मसन्मानाचे दुखणे समजून उद्यावर ढकलायचे नाही. जिवाला धोका असू शकतो, म्हणजे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ती एकटी राहणार नाही याची व्यवस्था त्याच मिनिटाला करायची आणि डॉक्टरांना कळवायचे. तसेच, बरे होण्याची शक्यता संपलेल्या रुग्णाला पुढच्या जेवणापेक्षा मुलीची भेट मोलाची वाटू शकते. तिथे वेदना आणि धाप सांभाळून बाकीचा क्रम त्यानेच सांगायचा असतो.

उतरंड एकदा लावून संपत नाही. आज खुर्चीत बसून चहा घेणारा रुग्ण उद्या जंतुसंसर्गाने तापून पुन्हा तळाला येऊ शकतो. म्हणून प्रत्येक पाळीच्या हँडओव्हरमध्ये केवळ काय केले एवढेच सांगू नये. रुग्ण आत्ता कोणत्या थरावर आहे आणि कोणत्या खुणेवरून तो घसरतोय असे ओळखायचे, हेही सांगावे. नातेवाइकांनाही हे माहीत असावे. सिस्टर आपल्या माणसाला सोडून शेजारच्या गप्प पलंगाकडे का गेली, हे कळले की तिच्यावरचा राग बराच कमी होतो आणि तिला काम करायला मोकळीक मिळते. ती मोकळीक शेवटी प्रत्येक रुग्णाच्या कामी येते, आपल्याही.