जर्मन चाल, अरांडा शब्द

ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सुमारे १२५ किलोमीटरवर हर्मन्सबर्ग आहे. स्थानिक नाव न्तारिया. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बारोसा खोऱ्यातून १८७५ साली मेंढरं हाकत निघालेले जर्मन लुथरन मिशनरी इथं पोहोचले १८७७मध्ये. इथल्या आदिवासींची अरांडा भाषा शिकून त्यांनी जर्मन उपासनागीतं तिच्यात उतरवली, चाली मात्र आपल्याच ठेवल्या. (पारंपरिक विधींना मनाई करणारेही हेच मिशनरी!) गीतं बायकांच्या गळ्यात टिकली, आयांकडून लेकींकडे गेली. २०१५मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायकांचा गायकवृंद ती गायला थेट जर्मनीला गेला, म्हणजे गाण्यांच्या माहेरीच. त्या दौऱ्यावर ‘द साँग कीपर्स’ हा माहितीपट आहे.