सल्ला, प्रार्थना आणि फीचे पैसे

अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या उपासनेला, पुढच्या बाकांवर पांढऱ्याशुभ्र पोशाखातल्या वयस्कर बायका बसलेल्या दिसतात. त्यांना ‘मदर’ म्हणतात. या नन नव्हेत. संसार केलेल्या, घराबाहेर राबून पोरं वाढवलेल्या बायका आहेत या, आणि मंडळीतल्या तरुण मुलींना वळण लावणं, वाट दाखवणं हे त्यांचं मानाचं काम. त्याला आधार बायबलमधल्या, तीताला लिहिलेल्या पत्राचा: वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं. ‘चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट’ या पंथात १९११ साली स्त्रियांचं सगळं काम लिझी रॉबिन्सन यांच्याकडे सोपवलं गेलं आणि या पदाला रीतसर अधिकार आला. पाळकपद पुरुषांकडेच राहिलं. मुलींच्या आयुष्यातले पेच मात्र बहुधा आधी मदरच्या कानावर जातात.

समजा, अटलांटातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीला दूरच्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, आणि त्याच वेळी ओळखीतला एक मुलगा लग्नाचं विचारतोय. मुरलेली मदर लगेच मत देत नाही. ती विचारत जाते. कर्ज किती काढावं लागेल? मुलगा नोकरीत टिकतो का? स्वतःच्या आईशी कसा बोलतो? मग दोघी प्रार्थनेला बसतात. ज्याला शहाणपण उणं पडतं त्याने ते देवाकडे मागावं, असं याकोबाच्या पत्रात आहे, आणि त्यावर इथे मोठी भिस्त असते.

शास्त्रवाचन ही पुढची पायरी. नीतिसूत्रांतली सद्गुणी स्त्री, रूथ आणि नामी या सासूसुना, हे उतारे ठरलेलेच. पण कृष्णवर्णीय स्त्रियांनी मनाशी धरून ठेवलेली बाई आहे हागार. सारेची मिसरी दासी. मालकिणीच्या सांगण्यावरून अब्राहामापासून तिला मूल होतं, आणि पुढे भाकर व पाण्याची मसक देऊन मायलेकरांना रानात घालवून दिलं जातं. गुलाम आज्या-पणज्यांच्या वंशातल्या मुलीला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. धर्मशास्त्रज्ञ डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ च्या ‘सिस्टर्स इन द विल्डरनेस’ या पुस्तकात हागारेलाच केंद्रस्थानी ठेवलं. देव हागारेला एकदम मुक्त करत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडलं. पहिल्या वेळी तर तो तिला मालकिणीकडे परत जायला सांगतो. दुसऱ्या वेळी, पाणी संपून मूल मरायला टेकलं असताना, तो तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. असं वाचलं की निर्णयाचा प्रश्नही बदलतो. ‘देवाची माझ्यासाठी काय योजना आहे?’ या भल्यामोठ्या प्रश्नाआधी ‘या रानात मला जगवेल असं काय आहे?’ हे विचारता येतं. मला हा प्रश्न जास्त उपयोगाचा वाटतो.

मग थांबणं. मनातली ओढ ही देवाची हाक की नुसती हौस, हे कसं ओळखायचं? इथे जरीना ली यांचं उदाहरण घेण्यासारखं आहे. आपल्याला उपदेशासाठी बोलावणं आलंय असं त्यांना वाटलं, तेव्हा त्या फिलाडेल्फियात, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल (ए. एम. ई.) पंथाचे संस्थापक रिचर्ड ॲलन यांच्याकडे गेल्या. स्त्रियांच्या उपदेशाची आमच्या नियमांत सोय नाही, असं उत्तर मिळालं. वर्षं गेली, हाक काही थांबली नाही. १८१९ च्या सुमारास बेथेल चर्चमध्ये उपदेशक मध्येच अडखळला, तेव्हा ली उठून बोलू लागल्या आणि ॲलन यांनी त्यांचं बोलावणं मान्य केलं. (त्याच ए. एम. ई. पंथाला पहिली स्त्री बिशप, वाश्ती मकेन्झी, मिळायला २००० साल उजाडलं. थांबण्याचा उपदेश बायकांनाच जास्त होतो, हेही लक्षात ठेवायला हवं.)

आता पैसा. कोरड्या सल्ल्याला इथे फारसा मान नाही. अटलांटाचं स्पेलमन कॉलेज १८८१ मध्ये फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात सुरू झालं. नॅनी हेलन बरोज यांनी १९०९ मध्ये वॉशिंग्टनला मुलींची शाळा काढली ती मुख्यतः कृष्णवर्णीय बायकांच्या छोट्या छोट्या देणग्यांवर. बायबल, स्नान आणि झाडू ही त्या शाळेची त्रिसूत्री. ऐकायला कर्मठ, पण तिथे मुली छपाई आणि हिशेबनीसीही शिकत, आणि स्वतःच्या समाजाचा इतिहास शिकणं सक्तीचं होतं. आजही कित्येक मंडळ्या कॉलेजला निघालेल्या मुलांमुलींसाठी शिष्यवृत्तीची वर्गणी काढतात. शिक्षणकर्जाचं ओझं कृष्णवर्णीय स्त्रियांवर सरासरीने सगळ्यांत जास्त आहे, तेव्हा ‘शिक, पोरी’ म्हणणाऱ्याने खिशातही हात घालावा, ही अपेक्षा वाजवीच आहे.

यंत्रणा बिघडते ती अब्रूपाशी. मुलीचं वागणं-नेसणं म्हणजे साऱ्या समाजाच्या लायकीचा दाखला, हे ओझं जुनं आहे. इतिहासकार एव्हलिन ब्रूक्स हिगिनबॉथम यांनी १९९३ मध्ये त्याला ‘प्रतिष्ठेचं राजकारण’ म्हटलं. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला मंडळीपुढे उभं करून माफी मागायला लावायची रीत अनेक चर्चमध्ये होती. मुलगा त्याच उपासनेत गायकवृंदात उभा असला तरी त्याला कुणी पुढे बोलावत नसे. अशा ठिकाणी मुली सल्ला मागायच्याच बंद होतात.

आणि मारहाण होत असेल तर वरची एकही पायरी लागू नाही. नवऱ्यासाठी प्रार्थना कर, सोस, असं सांगणारे पाळक होते, आजही आहेत. जाणती मदर आधी मुलीला आणि पोरांना रात्रीपुरतं सुरक्षित घर बघते, पोलिसांचा किंवा आश्रयगृहाचा फोन लावून देते. बायबल त्यानंतर उघडते.