लाल ठिपक्याची परीक्षा

पिस्तुलाने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणावे लागते. डोळ्याचे भिंग मात्र एका वेळी एकाच अंतरावर जुळते. माशी स्पष्ट दिसली की लक्ष्य अंधूक! डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली यावर आरशाची युक्ती काढली. खऱ्या पिस्तुलांवर, तसेच एअरसॉफ्ट या खेळातल्या ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक गोळ्या मारणाऱ्या बंदुकांवर आज बसणारी चार्ज करता येणारी 'रेड डॉट साइट' त्याच युक्तीवर चालते. तिच्या खोक्यावरचे दावे शाळेतल्या भौतिकशास्त्राने तपासता येतात.

साइटची काच किंचित अंतर्वक्र असते आणि तिच्या नाभीशी लाल एलईडी असतो. नाभीतून निघालेले किरण परावर्तनानंतर समांतर होतात, हे आपण वर्गात शिकवतोच. म्हणून ठिपका काचेवर न दिसता फार दूर असल्यासारखा दिसतो. काचेवरचा लेप मुख्यतः लाल प्रकाश परतवतो, त्यामुळे पलीकडचे दृश्य किंचित निळसर भासते. लेसरशी मात्र याची गल्लत करू नये. लेसरचा ठिपका लक्ष्यावर पडतो, हा फक्त नेमबाजाच्या डोळ्यात असतो.

'डोळा हलला तरी ठिपका हलत नाही' हा पहिला दावा. साइट बंदुकीवर न लावता लाकडी ठोकळ्यावर घट्ट बांधा आणि १० मीटरवरच्या भिंतीवरील खुणेवर ठिपका आणा. आता डोळा १ सेंटिमीटर बाजूला न्या. किरण अगदी समांतर असले, तरी ठिपका भिंतीवर १ सेंटिमीटर सरकणारच, कारण दृष्टिरेषा तेवढीच सरकली. ५० मीटरवरही सरकणे तेवढेच राहिले, तर आरसा चांगला. अंतराबरोबर ते वाढत गेले, तर किरण समांतर नाहीत. म्हणजे शब्दशः घेतलेला हा दावा जवळच्या लक्ष्यासाठी कोणतीच साइट पुरा करत नाही!

ठिपका वेडावाकडा दिसला तर लगेच साइटला दोष देऊ नये. कॅमेऱ्याने फोटो काढावा. फोटोत तो गोल आला, तर दोष बहुधा डोळ्याचा. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांना हे हमखास जाणवते.

दुसरा दावा तासांचा. नेहमीच्या ३ व्होल्टच्या २०३२ बटण-सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. त्याच मापाच्या चार्ज होणाऱ्या लिथियम सेलची जेमतेम ४०. मंद ठिपक्याला ०.०२ मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे धरू. ४० भागिले ०.०२, म्हणजे २००० तास. भर उन्हात दिसेल असा ठिपका करायला ५ मिलिअँपिअर लागले, तर तोच सेल ८ तासांत संपेल. दोन्ही आकडे खरेच आहेत. खोक्यावर कोणता छापतात हे सांगायला नको. तास कोणत्या तेजाला मोजले, हे विचारावे. लिथियम सेल काही वर्षांत थकतोच, म्हणून तो बदलता येईल अशी साइट आम्हांला बरी वाटते.

राहिला धक्का. ०.२ ग्रॅमची एअरसॉफ्ट गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने गेली, तर तिचा संवेग ०.०२ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ८ ग्रॅमच्या पिस्तुलाच्या गोळीचा, ३६० मीटर वेगाला, सुमारे २.९. खेळात वर्षभर टिकलेली साइट पिस्तुलाच्या सरकत्या भागावर टिकेलच, असे यावरून म्हणता येत नाही. खेळात धोका वेगळाच असतो: समोरून आलेली गोळी काच फोडते. म्हणून खेळाडू तिच्यापुढे पॉलिकार्बोनेटची पारदर्शक पट्टी लावतात.