मनातला पसारा एका कागदावर

सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या कितीतरी जणी म्हणतात, "वाचताना सगळं कळतं, पण पुस्तक मिटलं की आठवत नाही." गटाच्या बैठकीतही तसंच होतं. बोलणं तासभर चालतं, पण उठताना ठरलं काय, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. दोन्हीकडे उपयोगी पडणारी एक रीत आज पाहू. तिला माइंड मॅप म्हणतात. आपण विचारांचा नकाशा म्हणू. इंग्लंडमधल्या टोनी बुझान या लेखकाने १९७४ साली बीबीसीच्या टीव्ही कार्यक्रमातून ती लोकांपर्यंत नेली.

कोरा कागद आडवा ठेवा. मधोमध विषयाचं नाव लिहा आणि भोवती गोल काढा. समजा, धडा 'आहार' हा आहे. गोलातून पाच फांद्या काढा: कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे. फांदीवर लांब वाक्य नको, एकच शब्द लिहा. मग डहाळ्या काढा. प्रथिनांना डाळ, मटकी, अंडी. खनिजांना लोह, आणि लोहाला पालेभाजी, बाजरी. जीवनसत्त्वांना 'क', आणि त्याला लिंबू, आवळा. आता लिंबापासून लोहापर्यंत एक बाण काढा. कारण भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्व मदत करतं. पुस्तकात या गोष्टी वेगळ्या पानांवर असतात, नकाशात त्यांचं नातं डोळ्यांना दिसतं.

नकाशा काढून ठेवला म्हणजे अभ्यास झाला असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक आणि वही मिटून तोच नकाशा पुन्हा काढा. जी फांदी आठवणार नाही, तेवढाच भाग परत वाचा. घरकाम आटोपून तासभरच मिळतो, तो सगळा धडा घोकण्यात घालवायला नको.

आता गटाचं पाहू. शेळीपालनासाठी कर्ज काढायचं आहे. फरशीवर खडूने मोठा गोल काढा आणि सगळ्या जणी भोवती बसा. फांद्या काढा: शेळ्या, गोठा, चारा, आजार, विक्री, हप्ता. जिला लिहिता येत नाही, ती चित्र काढेल. पेंढी काढली की चारा. आजाराच्या फांदीवर आंत्रविषाराची लस येईल. ती पावसाळ्याआधी टोचून घ्यावी लागते. चाऱ्याच्या फांदीवर विचारा, उन्हाळ्यात काय घालणार?

हप्त्याच्या फांदीवर जरा थांबा. शेळी गाभण राहिल्यावर सुमारे पाच महिन्यांनी विते. करडू विकण्याजोगं व्हायला आणखी काही महिने जातात. हप्ता पुढच्याच महिन्यापासून असेल, तर तोवर पैसे कुठून येणार? ती डहाळी कोरी राहिली, तर अडचण तिथेच आहे. नुसत्या बोलण्यात ही गोष्ट निसटते, कागदावरची रिकामी जागा मात्र लपत नाही. कर्जावर सही करण्याआधी ती दिसलेली बरी.

तेव्हा पुढच्या बैठकीला खडू घेऊन जा. आणि ज्या फांदीवर कुणालाच काही सुचणार नाही, तिथूनच चर्चा सुरू करा.