हॅमक आच्छादने

हॅमक आच्छादने : दोन झाडांच्या किंवा खांबांच्या आधाराने टांगलेल्या झोळीत म्हणजे हॅमकमध्ये उघड्यावर रात्र काढणाऱ्या माणसाचे वारा व कीटक यांपासून रक्षण करणारी कापडी आवरणे. त्यांचे मुख्य प्रकार दोन : घट्ट विणीच्या कापडाचे वारारोधक आवरण व जाळीदार कापडाची मच्छरदाणी. पाऊस अडविण्यासाठी या दोहोंच्या वर स्वतंत्र ताडपत्री ताणावी लागते. वारारोधक आवरण हवेची हालचाल थांबविते, तर मच्छरदाणी हवा खेळती ठेवून केवळ कीटक अडविते. कार्ये अशी परस्परविरुद्ध असल्यामुळे एकाचे काम दुसऱ्याकडून सहसा होत नाही. पाठीवरील ओझे मर्यादित ठेवावयाचे असल्यास पदयात्रिकाला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

इतिहास : हॅमक हा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील शय्याप्रकार होय. १४९२ मध्ये क्रिस्तोफर कोलंबस बहामा बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील टाइनो लोक कापसाच्या सुताच्या जाळीदार झोळ्यांत निजत असत. ‘हॅमक’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून स्पॅनिश भाषेमार्फत इतर यूरोपीय भाषांत आला. पुढे यूरोपीय जहाजांवरील खलाशांत तिचा प्रसार झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने पॅसिफिक क्षेत्रातील जंगलांसाठी जी हॅमक वापरली, तिला वर जलाभेद्य छप्पर व बाजूंना मच्छरदाणी शिवलेली असे. कोंदट व निर्वात अरण्यात वाऱ्यापेक्षा डास हाच मोठा शत्रू असतो, हे तिच्या रचनेवरून स्पष्ट होते. महाराष्ट्रात तान्ह्या मुलांची झोळी व घरातील झोपाळा परिचित असले, तरी प्रौढांनी रानात झोळीत निजण्याची पद्धत गिर्यारोहण व दुर्गभ्रमण यांच्या प्रसारानंतरची आहे. मात्र वारा अडविण्याचे साधन येथे पूर्वापार आहे. मेंढपाळ धनगरांची लोकरी घोंगडी हेच काम करते.

वारारोधक आवरण : जमिनीवर निजणाऱ्याला वारा वरून व बाजूंनी लागतो, हॅमकमध्ये निजणाऱ्याला तो खालूनही लागतो. पाठीखालचे पांघरूण शरीराच्या भाराने चेपले जाते, त्यातील हवा निघून जाते व त्याची उष्णतारोधकता बरीच कमी होते. उबदार पांघरूण घेऊनही पाठ गारठते ती यामुळेच. वाऱ्याने शरीरालगतचा उबदार हवेचा थर सतत दूर लोटला जातो. तापमान १०° से. व वाऱ्याचा वेग ताशी २० किमी. असल्यास उघड्या चेहऱ्याला सु. ७° से.इतकी थंडी जाणवते. संपूर्ण हॅमकभोवती पिशवीसारखे बसणारे आवरण हा थर टिकवून धरते व आतील हवा काही अंशांनी उबदार राखते. त्याचा मुख्य दोष दमटपणा हा आहे. झोपेत श्वास व त्वचा यांवाटे रात्रभरात सु. पाव लिटर पाणी बाहेर पडते. त्याची वाफ थंड कापडाच्या आतील बाजूस दवासारखी साचते व पांघरूण भिजविते. म्हणून कापड घट्ट विणीचे परंतु श्वसनक्षम असावे लागते आणि चेहऱ्याजवळ झरोका ठेवणे आवश्यक असते. काटकसर म्हणून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळणे दमटपणामुळे निरुपयोगी, तर गुदमरण्याच्या भीतीमुळे धोक्याचे ठरते.

मच्छरदाणी : हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो, हे रॉनल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवून दिल्यापासून मच्छरदाणीला केवळ सुखसाधनापेक्षा अधिक महत्त्व आले. हिवताप पसरविणारे ॲनॉफेलीस डास रात्री चावतात. डेंग्यू पसरविणारे एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्ताच्या सुमारास चावतात. डासांसाठी चौ. इंचाला १५६ छिद्रांची, म्हणजे चौ. सेंमी.ला सु. २४ छिद्रांची जाळी सर्रास वापरली जाते. परंतु वालुमाश्या व चिलटे तीतून आत येऊ शकतात. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा येथील रुग्णांत प्रथम आढळलेला व त्या गावाच्याच नावाने ओळखला जाणारा विषाणू वालुमाश्यांमार्फत पसरतो. अशा कीटकांसाठी अधिक बारीक विणीची जाळी लागते. तीतून हवा मात्र कमी येते.

हॅमकच्या मच्छरदाण्या दोन प्रकारच्या असतात : केवळ वरच्या बाजूस शिवलेली आणि संपूर्ण हॅमकभोवती बसणारी. पहिली वजनाने हलकी असते. पण हॅमकचे कापड पातळ व एकपदरी असल्यास पाठ टेकलेल्या जागी डास खालून कापडातूनच चावतात. दुहेरी तळ किंवा सर्व बाजूंनी वेढणारी जाळी हा त्यावरील उपाय होय. जाळी अंगाला चिकटू नये म्हणून ती हॅमकच्या वर बांधलेल्या दोरीवरून ताणून घेतात.

वारा व डास यांचा संबंध : डास हा दुबळा उडणारा कीटक आहे. त्याच्या उडण्याचा वेग सेकंदाला सु. एक ते दीड मीटर असतो. त्यामुळे पाने सतत हलविणाऱ्या वाऱ्यात त्याला माणसापर्यंत पोहोचणे कठीण जाते. शिवाय ज्याच्या साहाय्याने तो माणसाचा माग काढतो, तो उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड वायूही वाऱ्याने विखुरला जातो. तापमान सु. १५° से.च्या खाली गेल्यावर डासांची हालचाल मंदावते. सारांश, जेथे वाऱ्याचा त्रास तेथे डास थोडे व जेथे डास पुष्कळ तेथे वारा पडलेला, अशी सर्वसाधारण स्थिती असते. निवडीचा प्रश्न म्हणूनच जागा व ऋतू यांवरून बव्हंशी सुटतो.

भोर व वेल्हे परिसरातील निवड : पुणे–सातारा महामार्गावरील शिवरे (ता. भोर) हे गाव शिवगंगा नदीच्या खोऱ्यात आहे. त्याच्या पश्चिमेकडे गुंजवणी खोरे आणि राजगड व तोरणा हे किल्ले आहेत. तोरण्याची उंची सु. १,४०० मी. असून माथा पायथ्याच्या वेल्ह्यापेक्षा सु. ७०० मी. उंच आहे. माथा व खोरे यांत हवेचा मोठा फरक पडतो. माथ्यावर व खिंडीत रात्रीही वारा वाहत राहतो. खोऱ्यात तो सूर्यास्तानंतर बहुधा पडतो आणि ओढ्याकाठच्या आमराईत डासांची वर्दळ सुरू होते. पावसाळा संपल्यावर वाहत्या, स्वच्छ ओढ्यांच्या कडेच्या संथ पाण्यात ॲनॉफेलीस फ्लुव्हिॲटिलिस या डासाची पैदास होते. डोंगराळ भागात हिवताप पसरविणाऱ्या महत्त्वाच्या जातींपैकी ती एक आहे. याच सुमारास, ऑक्टोबर–नोव्हेंबरात, हवा निवळल्यामुळे पदयात्रिकांची गर्दीही वाढते.

हॅमकला सु. ३·५ ते ४·५ मी. अंतरावरील दोन भक्कम झाडे लागतात. माथ्यावर अशी झाडे विरळ असतात. आंबा, जांभूळ, वड इ. मोठे वृक्ष खोऱ्यात व उतारांवर आढळतात. त्यातून किल्ले ही संरक्षित स्मारके आहेत. त्यांच्या तटबंदीला किंवा जुन्या बांधकामाला दोर बांधणे सर्वथा अनुचित असून तेथील व वनक्षेत्रातील मुक्कामाचे नियम आधी पाहून घ्यावे लागतात. परिणामी या भागात हॅमकचा मुक्काम बहुतेक वेळा खोऱ्यातच पडतो आणि जून ते नोव्हेंबर व पुन्हा मार्च ते मे या काळात मच्छरदाणीच उपयोगी पडते. डिसेंबर व जानेवारीत डोंगरउतारावरील थंड हवा रात्री खोऱ्यात उतरून साचते. तेव्हा डास कमी होतात व उघड्या उतारांवर आणि खिंडींत वारारोधक आवरण अधिक उपयुक्त ठरते.

निवडीचे तत्त्व : जागा आधी निश्चित नसल्यास कोणते आवरण न्यावे, याचा निर्णय चुकीच्या परिणामांवरून करणे योग्य होय. थंडी माणसाला जागे करते. तिच्यावर जागीच उपाय करता येतो : ताडपत्री वाऱ्याच्या दिशेने खाली ओढता येते, खडकाच्या किंवा बांधाच्या आडोशाला जाता येते, घोंगडी अंगाभोवती लपेटता येते. ॲनॉफेलीसचा दंश मात्र झोपेत लक्षात येत नाही आणि हिवतापाचा ताप साधारणपणे १० ते १५ दिवसांनी, मुक्काम विसरला गेल्यावर येतो. शिवाय जाळीला रानात पर्याय मिळत नाही. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर डास काही काळ पळवितो, पण विस्तव विझताच ते परततात. आणि कड्यांवर आग्या मोहोळे असलेल्या ठिकाणी धूर करणे जिवावर बेतू शकते. यास्तव संशयाच्या वेळी मच्छरदाणीला प्राधान्य द्यावे. कडाक्याच्या थंडीतील उंचावरचा मुक्काम हा याला अपवाद होय. तेथे वारारोधक आवरणाबरोबरच हॅमकच्या खालच्या बाजूस टांगलेले पांघरूणही आवश्यक असते, कारण नुसत्या आवरणाने पाठीची ऊब भरून निघत नाही.

बांधणी व निगा : अर्धा भाग जाळीचा व अर्धा कापडाचा असलेली संयुक्त आवरणेही मिळतात, ऋतुबदलाच्या काळात ती सोयीची, परंतु दोन्ही टोकांच्या हवामानात अपुरी पडतात. हॅमकचा तळ माणूस बसल्यावर जमिनीपासून सु. ४५ सेंमी. वर राहील, अशा बेताने ती बांधतात. रात्री जमिनीवर निजलेल्यांना बहुधा वेदनारहित दंश करणाऱ्या मण्यार सापापासून या उंचीमुळे संरक्षण मिळते; मात्र आवरणाची टोके जमिनीवर लोळत ठेवू नयेत. नायलॉन व पॉलिएस्टर ही कापडे ठिणगीनेही वितळतात, म्हणून हॅमकच्या खाली शेकोटी किंवा डासांची कॉइल ठेवणे धोक्याचे असते. जाळीतील छिद्र लहान असले, तरी लगेच रफू करावे आणि मच्छरदाणी सूर्यास्तापूर्वीच बांधून तिची तोंडे बंद करावीत. अंधारात बांधताना आत शिरलेला एकच डास रात्रभर पुरतो.