प्लाझ्मा-उत्प्रेरण आणि हवेतील आर्द्रता

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तेथूनच निघणारी कृष्णा ज्या सांगलीस पोचते, ती मात्र पर्जन्यछायेत आहे. रंगद्रावकांतील टोल्यूईनची वाफ प्लाझ्मा-उत्प्रेरणाने नष्ट करावयाची झाल्यास हवेतील हा भेद महत्त्वाचा ठरतो. विद्युत्-विसर्गातील वेगवान इलेक्ट्रॉनांमुळे जलरेणूंचे विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात व ती टोल्यूईनचे ऑक्सिडीकरण करतात. म्हणून अल्प आर्द्रता हितकर होय. ती फार वाढल्यास मात्र जलरेणू इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हिरावून घेतात, ओझोनची निर्मिती घटते आणि मँगॅनीज डायऑक्साइडसारख्या उत्प्रेरकाच्या पृष्ठावरील क्रियाशील स्थाने पाण्याने व्यापली जातात. सबब सांगलीच्या वैशाखात समाधानकारक ठरलेले संयंत्र साताऱ्याच्या श्रावणात अपुरे पडू शकते. त्याची परीक्षा शुष्क हवेप्रमाणेच आर्द्र हवेतही घ्यावयास हवी.