मालट्रकच्या चाकातील हवेचे शास्त्र

मालट्रकचा भार वरकरणी टायरच्या रबरावर दिसत असला, तरी तो प्रामुख्याने पेलते ती टायरमध्ये कोंडलेली हवा. रबर आणि त्यातील पोलादी तारांची वीण यांचे मुख्य काम त्या हवेला धरून ठेवण्याचे आणि रस्त्याची पकड घेण्याचे असते. ही हवा किती दाबाने भरावी, हा प्रश्न अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर आणि अकोला यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर रोज असंख्य वेळा सोडवला जातो, आणि तो बहुधा रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात, कॉम्प्रेसरच्या नळीच्या टोकाशी सुटतो. हे काम साधे समजले जात असले, तरी भार, उष्णता आणि वेग या तिन्हींचा हिशेब त्यात एकत्र येतो, आणि हाच हिशेब शर्यतीच्या मार्गावर धावणाऱ्या ट्रकच्या अभियंत्यालाही मांडावा लागतो.

दाब मोजण्याचे प्रचलित एकक पीएसआय, म्हणजे एका चौरस इंचावर पडणारा पौंडांतील दाब, हे होय. प्रत्येक टायरवर भारनिर्देशांक छापलेला असतो, आणि त्यातील पहिला आकडा एकेरी चाकासाठी, तर दुसरा मागच्या धुऱ्यावरील जोडचाकासाठी असतो. १४६/१४३ असा निर्देशांक असलेला टायर एकेरी बसवला तर ३,००० किलो आणि जोडीने बसवला तर २,७२५ किलो भार पेलतो, मात्र उत्पादकाने सांगितलेला दाब त्यात असेल तरच. चार टायरच्या धुऱ्यावर ही क्षमता १०,९०० किलो होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा धुऱ्याची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केल्यामुळे, ती वाढीव मर्यादा पूर्ण वापरायची असेल तर १४९/१४६ यांसारख्या वरच्या निर्देशांकाचा टायर आवश्यक ठरतो, केवळ हवा वाढवून ती तूट भरून निघत नाही.

वऱ्हाडात भाराचा अंदाज डोळ्यांनी करणे विशेष धोक्याचे आहे. जिनिंगमध्ये दाबून बांधलेली रुईची गाठ साधारण १७० किलोची असते, म्हणजे ६० गाठींचे वजन १०,२०० किलो भरते; उलट शेतातून जिनिंगकडे निघालेला सुटा कापूस फाळक्यांच्या कितीतरी वर रचलेला असला, तरी त्या मानाने पुष्कळ हलका असतो. म्हणूनच वजनकाट्यावरील पावती, आणि शक्य असेल तेथे प्रत्येक धुऱ्याचे वेगळे वजन, हाच दाब ठरवण्याचा खरा आधार होय.

दुसरा घटक उष्णतेचा. बंदिस्त हवा तापली की तिचा दाब वाढतो. पहाटे २७ अंश सेल्सिअसला ११० पीएसआय भरलेल्या टायरमधील हवा धावताना ५७ अंशांपर्यंत तापली, तर घनफळ जवळजवळ तेच राहत असल्याने काट्यावर सुमारे १२२ दिसतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डांबर त्याहूनही तापते, त्यामुळे ही वाढ पाहून टायर फुटेल या भीतीने हवा सोडण्याचा मोह होतो. परंतु ५७ अंशांवर दाब ११० वर आणला, तर चाक निवल्यावर तो ९९ च्या आसपास उतरतो. कमी हवेच्या टायरची कड प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकण्यातून आणखी उष्णता निर्माण होते, आणि ज्या भीतीने हवा सोडली तेच संकट ओढवते. यासाठी दाब नेहमी थंड टायरमध्ये, गाडी काही तास उभी राहिल्यानंतर मोजावा, हा या विद्येचा पहिला नियम आहे.

जोडचाकांच्या बाबतीत दक्षता दुप्पट लागते, कारण आतल्या टायरची हवा कमी झाली तरी बाहेरचा टायर तो भार उचलून घेतो आणि दोष झाकला जातो. अनेक चालक लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाजावरून अंदाज घेतात. त्यातून पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो, पण २० टक्क्यांनी उतरलेला दाब कानाला सहसा कळत नाही, आणि इतकी तूट असलेला टायर बसलेलाच समजावा, असा वाहतूक क्षेत्रातील संकेत आहे.

शर्यतीच्या मार्गावर उष्णतेने दाब वाढण्याचा हाच नियम उलट दिशेने वापरला जातो. भारतात २०१४ साली ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर टाटा प्राइमा ट्रकची शर्यत झाली. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ट्रकचा वेग १६० किलोमीटर प्रतितासाला मर्यादित असतो, पण कित्येक टनांचे वाहन वारंवार ब्रेक लावून वळणांतून काढताना टायर अतिशय तापतात. तेथे आधी गरम अवस्थेतील इष्ट दाब ठरवतात आणि अपेक्षित वाढ वजा करून सुरुवातीला तितकी कमी हवा भरतात. काही फेऱ्यांनंतर टायरच्या पृष्ठभागाचे आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असे तीन ठिकाणी तापमान घेतात. मध्य अधिक तापला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा अधिक तापल्या असतील तर हवा कमी, असा निष्कर्ष निघतो. उजव्या वळणात भार डाव्या चाकांवर झुकतो, म्हणून दोन्ही बाजूंचे दाब वेगळे ठेवणेही तेथे योग्य ठरते. महामार्गावरील ट्रकने मात्र हे कमी हवेचे तंत्र उचलू नये, कारण त्याच्यावर माल असतो आणि त्याला काही फेऱ्यांऐवजी शेकडो किलोमीटर धावायचे असते.

वऱ्हाडातील रस्ते सुधारत गेले तसे या शिस्तीचे महत्त्व वाढले आहे. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्यादरम्यान याच महामार्गावर एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण होऊन त्याची गिनीज विश्वविक्रमात नोंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला समृद्धी महामार्गही अमरावती जिल्ह्यातून जातो. खडबडीत रस्त्यावर वेग आपोआप मंदावत असे आणि टायरला निवण्यास उसंत मिळत असे. सलग वेगाच्या रस्त्यावर ती मिळत नाही, आणि उतरलेल्या हवेचा दोष तासाभरात उघड होऊ शकतो.

या सर्व विवेचनाचे व्यावहारिक सार थोडके आहे: वजनकाट्यावरून धुऱ्याचा भार जाणावा, उत्पादकाच्या तक्त्यातून दाब ठरवावा, तो पहाटे थंड टायरमध्ये तपासलेल्या काट्याने मोजावा आणि प्रत्येक चाकाची नोंद वहीत ठेवावी, म्हणजे कोणते चाक हळूहळू हवा सोडते ते वेळीच कळते. एवढे नेमाने करणारा चालक किंवा दुकानदार शर्यतीच्या अभियंत्याचेच काम करत असतो, आणि त्याच्या अचूकतेवर केवळ मालच नव्हे, तर रस्त्यावरील इतरांचेही प्राण अवलंबून असल्यामुळे त्या कामाला कौशल्याचा दर्जा आणि रीतसर प्रशिक्षण मिळणे न्याय्य आहे.